डिकी उघडून बघ आधी

"काकू, यांचं गाडीचं ठरलंय बरं का. पांढरी, सनरूफवाली."

"यांचं ठरलंय. तुझं ठरलंय का?"

"माझं काय, रंग आवडलाय मला."

"रंग! अगं, कपडे राहू देत दोन मिनिटं, इकडे ये. दोरीपलीकडून ओरडून गाडी घेत नाहीत."

ती चिमटे खिशात कोंबत कुंपणाशी आली. मागोमाग ब्रुनो. लॅब्राडोर, तीसेक किलोचं धूड. पुढचे दोन पाय भिंतीवर टाकून उभा राहिला की माझ्या जास्वंदीच्या कुंडीची धडगत नसते. मी त्याच्याकडेच बोट केलं. "आणि याचं काय ठरलंय?"

"त्याचं काय, बसेल मागे मुलांच्या मधे."

"कसा बसेल? धाकटी तीन वर्षांची. तिची चाइल्ड सीट मागच्या एका खिडकीशी, आयसोफिक्सच्या कड्यांत अडकवायची. थोरला दहाचा, पण चणीनं बारीक. पट्टा खांद्यावर न बसता गळ्यावर येतो त्याच्या, म्हणजे त्यालाही खाली बूस्टर हवा. तो दुसऱ्या खिडकीशी. मधे उरली वीतभर जागा. त्या जागेत ब्रुनोची शेपूट बसेल फार तर."

"धाकटीला मी पुढे घेते की मांडीवर. आजवर तसंच नेलंय."

"आजवर काही झालं नाही, हे नशीब. एअरबॅग उघडते ती मोठ्या, पट्टा लावलेल्या माणसाच्या हिशोबानं. मांडीवरच्या पोराला तीच मारेल. आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर कायदाही आहे, चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर हजार रुपये दंड. दंडाचं सोड, तेवढ्याचा तुम्ही रविवारी पिझ्झा खाता."

ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे सात सीटची घ्यावी लागणार."

"आता कशी मुद्द्यावर आलीस! पण सात सीटची गाडी म्हणजे सात माणसं आणि सामान, असं समजू नकोस. सात माणसं किंवा सामान. मागच्या बंगल्यातल्यांचं कळलं ना तुला?"

"नाही बाई. काय झालं?"

मी आवाज खाली आणला. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती.

"त्यांनी घेतली सात सीटची. त्यात सीएनजी, ॲव्हरेज पाहिजे म्हणून. आता टाकी कुठे? तिसऱ्या रांगेच्या मागे, डिकीत. भाचीच्या लग्नाला सगळी मंडळी संगमनेरला निघाली. अहेराच्या साड्या मावशीच्या मांडीवर, तुपाचा डबा आजोबांच्या पायात, आणि त्या घरच्या साहेबांच्या सुटाची बॅग शेवटी वऱ्हाडाच्या ट्रॅव्हलरमध्ये दिली. ट्रॅव्हलर थांबला सिन्नरला चहाला. सूट पोचला तेव्हा दुसरी पंगत उठत होती."

"अय्या, म्हणून ते फोटोत झब्ब्यावर आहेत होय! मला वाटलं, साधेपणा."

"कसला साधेपणा! आता काही गाड्यांत दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाशी बसवतात, डिकी बरीचशी सुटते. पण ते आधी विचारायला हवं ना. ते नुसतं ॲव्हरेज विचारून परत आले."

खरं सांगायचं तर गाडीच्या दुकानात सगळे पुढून बघतात. तोंडवळा कसा आहे, दिवे कसे आहेत, पडदा किती इंची. पोरं, कुत्रं आणि सायकली असलेल्या घरानं गाडी मागून बघावी. डिकी उघडावी, आत डोकं घालावं, उंबरठा किती उंच आहे ते बघावं. तीस किलोचं म्हातारं होत जाणारं कुत्रं उद्या तिथून उडी मारणार आहे. आणि त्याला उडी जमेना झाली की ते उचलणार आहे घरातली बाईच.

"आकडे ऐक," मी म्हटलं. "अर्टिगाच्या तिन्ही रांगा उभ्या असल्या तर डिकी २०९ लिटर. मागची रांग पाडली की ५५०. ट्रायबर तर चार मीटरच्या आतली. तिच्यात सगळ्या सीट ठेवल्या तर ८४ लिटर, म्हणजे दोन दप्तरं. पण मागच्या दोन्ही सीट चक्क काढून घरी ठेवता येतात, मग ६२५."

"काढून ठेवायच्या कुठे?"

"दिवाणाखाली. सासूबाई यायच्या असल्या की बाहेर काढायच्या."

"त्या बसतील तिसऱ्या रांगेत?"

"अजिबात बसणार नाहीत, आणि बसवूही नकोस. तिसऱ्या रांगेत गुडघे छातीशी येतात. थोरल्याला आवडेल तिथं. पण त्यातही एक मेख आहे. मधल्या रांगेत धाकटीची सीट आयसोफिक्सला घट्ट बसवली की ती बाजू पुढे दुमडत नाही. मग मागे जायचं दुसऱ्या बाजूनं. म्हणून शोरूममध्ये चाइल्ड सीट घेऊन जा, बसव, आणि मग पोराला म्हणावं, चढ मागे. एक्सएल६ किंवा सहा सीटची कॅरेन्स, यांत मधे दोन सुट्या खुर्च्या असतात, मधून वाट मिळते. पण ती वाट ब्रुनोची होणार, हेही आत्ताच सांगते."

ब्रुनोला आपलं नाव कळतं. त्यानं एक कुंडी सरकवली.

"माझं विचारशील तर सात सीटची घ्या आणि पाच सीटची म्हणून वापरा. मागची रांग कायम पाडलेली, तिथं जाडसर रबरी चटई आणि हा. मधे जाळी लावायची. नाहीतर कसारा घाटात करकचून ब्रेक लागला की हा थेट धाकटीच्या डोक्यावर. आणि डब्याची गाडी मुळीच नको."

"डब्याची म्हणजे?"

"सेदान गं. मागे वेगळा डबा असलेली. तिच्या डिकीत वारा नाही, कुत्रं कसं ठेवणार? आणि त्या डिक्याही कापलेल्या. कुणी कापल्या माहितीय? सरकारनं."

"चला, काहीतरीच."

"अगं खरंच. २००६च्या बजेटमध्ये छोट्या गाड्यांचा अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६वर आणला. अट अशी की लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५००पर्यंत. मग कंपन्यांनी काय करावं? पुढे इंजिन, मधे माणसं, कापायला उरलं शेपूट. २००८ची पहिली स्विफ्ट डिझायर ४१६० मिलिमीटर होती, डिकी ४४० लिटर. २०१२ला नवी आली ती ३९९५ मिलिमीटर, डिकी ३१६. सव्वाशे लिटर सामान करापायी गेलं. आमच्या ह्यांची अख्खी पंढरपूरची बॅग गेली त्यात."

"आता जीएसटी आहे ना पण?"

"रेघ तीच. २२ सप्टेंबर २०२५पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाला १८ टक्के, बाकीच्यांना ४०. म्हणून तर तुझ्या नवऱ्याची पांढरी स्वस्तात बसतेय. उंच दिसते, रुबाबदार दिसते, आणि मागे सायकल आडवी घालायला गेलं तर अर्धी बाहेर."

आता सायकलींचा विषय निघाला म्हणजे घरच्या दुखण्यावर बोट. नाशकात सायकलचं वेड आहे ते साधंसुधं नाही. २०१५मध्ये महाजन डॉक्टरबंधूंनी दोघांच्या संघातून रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली, तेव्हापासून गंगापूर रोडवर पहाटे घट्ट चड्ड्यांतल्या काकांची रांग लागते. तिचा नवराही त्यातलाच. नाशिक-पंढरपूर सायकलवारी करून आला तेव्हा पेढे वाटले होते, आम्हालाही आले. त्याची २९ इंची चाकांची, पोराची २४ची, आणि धाकटीची घंटीवाली. त्र्यंबकच्या बाजूला जाऊन, मोकळ्या रस्त्यावर पोरांना चालवायला द्यायची, हे त्याचं स्वप्न. स्वप्न चांगलं आहे, ते मागच्या काचेत मावत नाही एवढंच.

"टपावर कॅरिअर लावू म्हणतात हे."

"लावा. पण टपावर किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, ते वाचा. कॅरिअर धरून तीन सायकली चाळीस-पन्नास किलोच्या घरात जातात. आणि पंधरा किलोची सायकल डोक्याच्या वर उचलणार कोण? जाताना हौसेनं तो उचलेल. येताना दमलेला असेल, पाऊस असेल, मग 'जरा हात लाव गं'. शिवाय टपावर सायकली आहेत हे पोर्चमध्ये शिरताना आठवावं लागतं. माझ्या भावाला नाही आठवलं. पोर्चचा पत्रा बदलला, सायकल भंगारात."

"मग मागे पट्ट्यांनी अडकवायच्या?"

"त्यानं नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जातात. पोलीस अडवेल ते बरोबरच. आणि पावसाळ्यात घाटात धुकं असताना मागच्याला तुझे दिवे दिसायलाच हवेत. सगळ्यात बरं म्हणजे पुढचं चाक काढून सायकल आत. क्विक रिलीज असेल तर मिनिटाचं काम. पण मग ब्रुनो कुठे?"

ती हिशोब करत होती. चेहऱ्यावर दिसत होतं.

"सगळं एकदम नाही होणार काकू."

"नाहीच होणार! ज्या दिवशी सायकली, त्या दिवशी ब्रुनो माझ्याकडे. जास्वंदीचं मी बघून घेईन. आणि दिवाळीला सासूबाई, नणंद, सगळे मिळून कोकणात जायचं तर दोन दिवस मोठी गाडी भाड्यानं घ्या. वर्षातून एकदा येणाऱ्या माणसांसाठी वर्षभर हप्ता भरायचा नाही."

"हे म्हणतात बोलेरो घेऊ, ती सातपूरलाच बनते आणि मी कामाला तिथंच, तर इथलीच गाडी."

"बोलेरोला नावं नाही ठेवणार मी. मागच्या आडव्या सीट उचलल्या की ब्रुनोला दिवाणखाना. पण धाकटीची सीट कुठे आणि कशी बसते ते बघितल्याशिवाय हो म्हणू नकोस. कुठलीही गाडी असो, भारत एनकॅपचे गुण बघ. मुलांचे वेगळे असतात, ४९पैकी. सेल्समन मोठ्यांचे तारे दाखवतो, तू मुलांचे विचार."

"आणि सनरूफ?"

"पोरं उभी राहणार नसतील तर घे. राहणार असतील तर तेवढ्या पैशात जाळी, चटई, बूस्टर आणि ब्रुनोचा पट्टा येऊन वर पैसे उरतील."

"शनिवारी टेस्ट ड्राइव्ह आहे. तुम्ही येता?"

"येते. मोजायची टेप माझ्याकडे आहे. चाइल्ड सीट तू घे, मोठी सायकल नवऱ्याला चालवत आणायला सांग, पोरं आपल्याबरोबर रिक्षात. आणि हे बघ, फोनवर ब्रुनोचं काही बोलू नकोस. नाहीतर आपण पोचायच्या आत म्हणतील, मॅडम, डेमोची गाडी सर्व्हिसिंगला गेलीय."