बिनहळदीचं जापचे

वसमतमध्ये हळदीबद्दल कुणी मत विचारत नाही, भाव विचारतात. उन्हाळा लागला की शिवारात हळद शिजते, वाळते, ढोलात फिरून पॉलिश होते आणि मोंढ्यात ढिगाने येऊन पडते. 2024 साली आमच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. तेव्हापासून तर गावातली प्रत्येक सासू स्वतःला त्या मानांकनाची विश्वस्त समजते. अशा गावात हळद न घालता भाजी करायची म्हणजे औंढ्याला जाऊन नागनाथाचं दर्शन न घेता परत येण्यातला प्रकार.

तो प्रकार माझ्याकडून घडवला लेकीने. ती मोबाइलवर कोरियन मालिका बघते. त्यात वाढदिवस असो, लग्न असो, ताटात एक चमकदार काळपट शेवयांचा ढीग असतोच. त्याला म्हणतात जापचे. शेवया, परतलेल्या भाज्या, मांसाच्या पट्ट्या, वर सोया सॉस आणि भाजलेल्या तिळाचं तेल. "मम्मी, रविवारी हेच," असा हुकूम सुटला.

परकं म्हणून नाक मुरडण्याआधी मी सामानाची यादी वाचली, तर त्यात परकं असं काही सापडेना. शेवया रताळ्याच्या स्टार्चच्या. रताळं आमच्याकडे एकादशीला कुकरमध्ये असतंच. पालक, गाजर, कांदा, लसूण बाजारातले. तीळ संक्रांतीचे उरलेले. आणि सोया सॉस कशाचा, तर सोयाबीनचा! आमच्या जिल्ह्यात खरिपात दुसरं काय दिसतं? आपलं सोयाबीन इथून क्विंटलने जातं आणि बाटलीत बसून थेंबाथेंबाने परत येतं. भाव कुठल्या फेरीत जास्त, हे शेतकऱ्याला विचारू नये.

शेवयांचं पाकीट कुरिअरने आलं. सासूबाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं. रताळ्याच्या आहेत म्हटल्यावर चेहरा उजळला.

"मंग उपासाला चालत्यात की!"

"हो, पण यात चिकन घालायचंय."

त्यांनी पाकीट खाली ठेवलं.

कोरियात यात बहुधा गोमांस घालतात. आपल्या राज्यात 2015 च्या कायद्यानंतर तो विषयच नाही, म्हणून कोंबडी. सोमवार नागनाथाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, त्यामुळे लेकीने वार बरोबर निवडला होता. चिकनवाल्याला "बोटाएवढ्या पातळ पट्ट्या" म्हटलं, तर तो सुरी थांबवून म्हणाला, "ताई, गाडा टाकायलाव का चायनीजचा?"

या पदार्थाने एकाचं नशीब काढलं होतं, हेही वाचनात आलं. सतराव्या शतकात ग्वांगहे नावाचा राजा कोरियात राज्य करत होता. यी चुंग नावाच्या दरबाऱ्याने त्याला जापचे खाऊ घातलं आणि बघता बघता मंत्रिपद मिळवलं. लोकांनी त्याची टिंगलही केली म्हणे. गंमत अशी, की त्या जापचेत शेवया नव्हत्याच, नुसत्या भाज्या. शेवया आल्या विसाव्या शतकात. आपल्याकडे मंत्रिपदासाठी माणसं काय काय खाऊ घालतात, त्या मानाने भाजी स्वस्तच पडली.

खरी कसोटी कढईपाशी. जापचेचा नियम असा, की प्रत्येक भाजी वेगळी परतायची. कांदा वेगळा, गाजर वेगळं, मशरूम वेगळे, चिकन वेगळं. पालक उकळत्या पाण्यात बुडवून काढायचा आणि पिळायचा. सगळ्यांची भेट शेवटी परातीत. धुणीभांडी करणाऱ्या मावशींनी ओट्यावरचा पसारा बघितला आणि "पाव्हणे किती हायेत?" एवढंच विचारलं. मग शेवया उकळल्या, गार पाण्याने धुतल्या आणि रिवाजाप्रमाणे कात्रीने कापल्या.

"अन्नाला कात्री?" सासूबाई म्हणाल्या. पण हा किरकोळ मुद्दा होता. मुख्य मुद्दा त्यांनी नंतर काढला. "हळद राह्यली गं."

"नसते यात."

"काऊन? घरात सुतक हाये का?"

लेक मदतीला धावली. "आजी, कोरियात भाजीत हळद घालतच नाहीत."

"मंग त्यांच्यात लग्नं कशी लागत्यात?"

याला लेकीकडे उत्तर नव्हतं, पण माहिती होती. कोरियन ताटात पाच रंग असावेत असा संकेत आहे, तिने सांगितलं. पालकाचा हिरवा, गाजराचा लाल, कांद्याचा पांढरा, मशरूमचा काळा आणि पिवळा. पिवळ्यासाठी अंड्याची पातळ पोळी करून तिच्या पट्ट्या कापतात.

सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे पिवळं लागतंच," त्या म्हणाल्या. "आन् पिवळ्यासाठी तुम्ही अंडं फोडायलाव, वसमतात बसून!"

इतका बिनतोड युक्तिवाद मी कोर्टातही ऐकला नसता. मी अंडी आणायला फ्रीजकडे वळले तेवढ्यात डब्याचं झाकण वाजलं. चिमूटभरच होती. पण या शेवया काचेसारख्या पारदर्शक असतात आणि हळदीचा रंग तेलात उतरतो. तिळाच्या तेलाने परातीतल्या टोकापासून टोकापर्यंत बातमी पोचवली.

लेकीने फोटो काढायचं रद्द केलं, पण दोनदा वाढून घेतलं. सासूबाईंनी चिकन बाजूला सारून शेवया खाल्ल्या आणि "आता जरा बरं लागायलंय" असा शेरा दिला. खरं सांगायचं तर लागत होतंही बरं.

तेव्हा तुम्हीही करून बघा. शेवया सहा-सात मिनिटांपेक्षा जास्त उकळू नका, पालक घट्ट पिळा, तिळाचं तेल आच बंद केल्यावर घाला. कोरियन पद्धतीचंच हवं असेल, तर मिसळणाचा डबा आधी कुलपात ठेवा. आणि किल्ली सासूबाईंकडे देऊ नका.