पार्ल, पार्ल, पार्ल, पार्ल

तुलूज, रविवार

ती. अण्णांस शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही खुशाल. चिमीचा खोकला गेला आणि घरात फ्रेंच क्रियापदं आली. तुम्ही आमच्याकडून वदति, वदतः, वदन्ति घोकून घ्यायचात तेव्हा निदान लिहिलेलं सगळं म्हणायचं तरी असायचं!

इथे ‘बोलणे’ म्हणजे ‘पार्ले’. (आईला सांगा, जन्म पार्ल्यात गेला म्हणून फ्रेंच येत नाही.) मी ‘पार्ल’, तू ‘पार्ल’, तो ‘पार्ल’, ते सगळे मिळूनही ‘पार्ल’च. लिहिताना मात्र ‘तू’ला शेवटी एस, ‘ते’ला ई-एन-टी. ओळ संपली म्हणून शब्द तोडला, तर कागदावर त्याचे दोन तुकडे, तोंडात एकच. हा एन-टी आपल्या वदन्तिमधल्या ‘न्ति’चा भाऊबंद, लॅटिनकडून आलेला. आता तुमच्यासारखा निवृत्त: काम नाही, पण दारावरची पाटी काढू देत नाही.

प्रश्न उलटा विचारला की मात्र टी जागा होतो. ‘पार्लतील?’ म्हणजे ‘ते बोलतात का?’ चिमी मोठ्याने वाचत होती, ह्यांना वाटलं मराठी भविष्यकाळच चाललाय. ‘तो बोलतो का?’मध्ये टी मुळात नाहीच, तर तिथे उसना आणून घालतात आणि पुन्हा ‘पार्लतील’! बोलणारा एक की दहा, कानाला पत्ता नाही.

त्यात एक फ्रेंच वाक्य आलं: मठातल्या कोंबड्या अंडी उबवतात. ‘मठ’ आणि ‘उबवतात’ यांचं स्पेलिंग एकच, पण मठ ‘कुव्हाँ’ आणि ‘उबवतात’ नुसतं ‘कुव्ह’. हे दोन्हीकडे ‘कुव्हाँ’ म्हणतात, त्यामुळे आमच्या कोंबड्या गेला आठवडाभर मठतायत.

खालच्या मजल्यावरच्या आजी अस्सल तुलूजच्या. दक्षिणेकडचे लोक शेवटचा स्वर गिळत नाहीत. त्या ‘पार-ल’ अशी दोन अक्षरं स्वच्छ म्हणतात. उत्तरेकडच्यांना ते गावंढळ वाटतं. पण जुन्या बारा अक्षरी वृत्तात पुढे व्यंजन आलं की हा मुका स्वर मोजावाच लागतो, म्हणजे वृत्ताच्या हिशेबात आजीच बरोबर. तुमची आणि त्यांची छान जमेल.

काल चिमी विचारत होती, ‘‘अण्णा ‘करतो’ लिहितात आणि ‘कर्तो’ का म्हणतात? ‘घर’मधला शेवटचा ‘अ’ कुठे जातो?’’ ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला. उत्तर तुम्हीच कळवा. पाणिनीपासून सुरुवात करू नका, तिला साडेआठला झोपायचं असतं.

तुमची,
शैला