खूण पटली, तपासणार कोण?

एचआयव्ही असलेल्या बाईला गर्भाशयमुखाचा कर्करोग होण्याचा धोका इतरांच्या सहापट. आकडा जागतिक आरोग्य संघटनेचा. अमेरिकेने तर १९९३ मध्येच हा कर्करोग एड्सच्या व्याख्येत घालून टाकला.

तीस वर्षांहून जुनी बातमी. आपल्याकडे अजून वाटेत आहे.

बरं, हा रोग काही एका रात्रीत उगवत नाही. एचपीव्ही विषाणू ठाण मांडतो, पेशी बिघडू लागतात आणि कर्करोग व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षं जातात. एचआयव्हीवर उपचार नसतील, प्रतिकारशक्ती खचलेली असेल, तर पाच ते दहा. पाच वर्षं म्हणजे काय थोडी झाली? तेवढ्यात अख्खं सरकार येऊन जातं.

मग घोडं अडतं कुठे? एचपीव्हीची डीएनए चाचणी उत्तम, यात वाद नाही. पण एचआयव्ही असलेल्या बायकांत हा विषाणू इतका सर्रास सापडतो की पॉझिटिव्ह आलेल्या कित्येकींच्या पेशी ठणठणीत निघतात. सगळ्यांची बायॉप्सी करणार? व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहायची पद्धत स्वस्त खरी, पण पाहणाऱ्याचा डोळा जसा, तसा निकाल.

म्हणून बायोमार्कर, म्हणजे पेशी बिघडू लागल्याची खूण. विषाणू घरात आहे का, हे विचारायचंच नाही. त्याने उद्योग सुरू केलेत का, ते विचारायचं. यातली पी१६ आणि केआय-६७ ही जोडगोळी भलतीच हुशार. पी१६ हे पेशीचं विभाजन थांबवणारं प्रथिन, तर केआय-६७ ही विभाजन चालू असल्याची खूण. निरोगी पेशीत दोन्ही एकदम दिसत नाहीत. एकाच पेशीवर तपकिरी आणि लाल असे दोन्ही रंग चढले, की समजावं: ब्रेक करकचून दाबलाय आणि गाडी तरीही पळतेय. वायर विषाणूने कापली.

दुसरी खूण मेथिलेशनची, म्हणजे डीएनएवर चढलेल्या रासायनिक शिक्क्यांची. बाईने स्वतः घेतलेल्या नमुन्यावरही ती शोधता येते. दक्षिण आफ्रिकेत एचआयव्ही असलेल्या बायकांवर तिचे अभ्यास झाले.

वा! शोधनिबंधाच्या शेवटी नेहमीचं वाक्य: अधिक संशोधनाची गरज आहे.

आहेच. पण आधीच्या संशोधनाचं काय केलंत? उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, एक लाख ३१ हजारांवर बायकांचा अभ्यास झाला. एचपीव्हीच्या एकाच चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. निकाल २००९ मध्ये जगभर गाजला. मुंबईच्या वस्त्यांत तर त्याच गरीब व्हिनेगरने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटवले. हे सगळं महाराष्ट्रात झालं. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी (२०१९-२१) सांगते, देशातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी आयुष्यात एकदा तरी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी झालेल्या किती? १.९ टक्के.

प्रयोगाला आम्ही. फायद्याला जग.

‘बायका तपासणीला येतच नाहीत हो,’ हे पेटंट उत्तर. इतरांचं माहीत नाही, पण एआरटीवरची, म्हणजे एचआयव्हीचे उपचार घेणारी बाई येते ना! गोळ्यांसाठी तिला ठरल्या तारखेला यावंच लागतं. एवढी हमखास येणारी पेशंट दुसऱ्या कुठल्या ओपीडीला मिळते? वजन होतं. उरलेल्या गोळ्या मोजल्या जातात. खोकला आहे का, ताप येतो का, रात्री घाम येतो का, सगळं विचारतात.

गर्भाशयमुखाचं? ‘ते स्त्रीरोग विभागात. मागची इमारत. नवा केसपेपर काढा.’

नवा केसपेपर म्हणजे नवी रांग, नवे डोळे आणि ‘नवऱ्याला पण आहे का?’ हा चारचौघांत मोठ्या आवाजात विचारलेला प्रश्न. टेबलापर्यंत पोचायच्या आत बाई एसटी स्टँडवर.

पुढच्या तारखेला ती गोळ्यांसाठी वेळेवर हजर असते. तिला पुन्हा खोकल्याचं विचारतात.