अकरा हजार पुस्तकांचे नाना

नानांकडे पुस्तक मागायला जाणाऱ्याने घरी सांगून जावं, उशीर होतो. मी एकदा 'श्यामची आई' मागितली, तर नाना म्हणाले, "कुठल्या अंगाने हवी?" नानांच्या लॅपटॉपवर ती संस्कार, कोकण, आत्मपर, तुरुंगात लिहिलेली आणि रडवणारी अशा पाच ठिकाणी सापडते. मला फक्त पुतणीला वाचायला द्यायची होती. त्यावर नानांनी 'पुतणी' असं सहावं लेबल लावलं आणि मगच पेन ड्राइव्ह हातात ठेवला.

नाना एका सरकारी खात्याच्या रेकॉर्ड रूममधून निवृत्त झाले. खात्याला त्यांच्याविना करमतं की नाही देव जाणे, नानांना फायलींविना मुळीच करमेना. मग त्यांनी ई-पुस्तकं जमवायला घेतली. प्रताधिकार संपलेली, लेखकांनी आपणहून फुकट दिलेली, थोडी विकत घेतलेली. आकडा अकरा हजारांवर गेला तेव्हा फोल्डरांची नावं होती 'नवीन', 'नवीन नीट', 'नवीन नीट फायनल' आणि 'यातलं काही हलवू नये'. एकेका पुस्तकाच्या तीन-तीन प्रती, आणि टिपणं नेमकी त्या प्रतीत जी सापडत नाही.

शेवटी भाच्याने ई-पुस्तकं नीट लावून ठेवणारं कॅलिबर नावाचं सॉफ्टवेअर बसवून दिलं. कोविद गोयल या भारतीय गृहस्थाने २००६ साली सोनीचं ई-बुक यंत्र घेतलं, ते लिनक्सवर चालेना, म्हणून स्वतःच प्रोग्रॅम लिहायला घेतला. त्याचंच पुढे कॅलिबर झालं, आणि ते आजही फुकट मिळतं. त्यातल्या 'व्हर्च्युअल लायब्ररी'ने नानांना वेड लावलं. समोर येईल त्याला ते समजावतात, "अहो, हा डबा नाही, चाळणी आहे. पुस्तक जागचं हलत नाही. 'कादंबरी आहे, पण वाचून झालेली नाही' एवढा शोध लिहायचा आणि त्याला नाव द्यायचं. तेवढीच पुस्तकं समोर राहतात, बाकीची दिसतच नाहीत. उद्या नवी कादंबरी आली, लेबल लावलं, की आपोआप तिथे हजर!"

तत्त्व खरं आहे, आणि सोयीचंही. पण चाळणी चालायची तर लेबलं एकसारखी हवीत, आणि मराठीत एकसारखं काय असतं? ह. ना. आपटे नानांकडे चार निघाले. एक 'ह. ना.', एक मध्ये जागा न सोडलेले 'ह.ना.', एक हरि नारायण, एक दीर्घ हरी. चौघांना एकत्र आणायला एक दुपार गेली. 'अॅ'चं दुखणं त्याहून चिवट. ते अक्षर संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतं, डोळ्यांना फरक दिसत नाही, शोधयंत्राला मात्र दिसतो. एका तऱ्हेने शोधलं की दुसऱ्या तऱ्हेने टाइप केलेली पुस्तकं गायब. जुन्या फॉन्टातल्या पीडीएफांबद्दल तर नानांपुढे बोलूच नये. पडद्यावर स्वच्छ मराठी, आणि कॉपी केलं की नुसता चिन्हांचा चिवडा.

नाना वाचत नाहीत अशी सोसायटीत अफवा आहे. ती खोटी आहे. लेबल ठरेपर्यंत नाना प्रत्येक पुस्तक वाचतात. त्यामुळे शेकडो कादंबऱ्यांची पहिली तीस पानं त्यांना तोंडपाठ आहेत. खुनी कोण, हे मात्र एकाही कादंबरीतलं ठाऊक नाही.

गेल्या हिवाळ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू झाशी-ओरछाच्या सहलीला निघाल्या. नानांना म्हणाल्या, "तिकडची माहिती असलेलं काही द्या हो." नानांनी शोध लिहिला, 'प्रवास' आणि 'झाशी'. एकच पुस्तक आलं, विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. आता हे गोडसे भटजी पेणजवळच्या वरसईहून दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि सत्तावनच्या बंडात सापडले. इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हा ते आत शहरातच होते. लूट, जाळपोळ, कत्तल, सगळं डोळ्यांनी पाहून लिहिलेलं. काकूंनी ते गाडीत वाचलं आणि भोपाळहून फोन केला, "अहो नाना, थंडी किती असते एवढंच हवं होतं मला!"

नाना खजील झाले नाहीत. फोन ठेवला आणि त्यांनी 'प्रवास'चे दोन भाग पाडले, 'प्रवास (सुखाचा)' आणि 'प्रवास (इतर)'. लगेच नवी अडचण. नुसतं 'प्रवास' शोधलं की दोन्ही येतात, कारण तो शब्द दोन्हींत आहे. तेव्हा शोधताना पूर्ण नाव, आणि त्याआधी बरोबरचं चिन्ह, हे त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर कळवलं. कुणीही विचारलं नव्हतं.

नानांच्या टेबलावर रंगनाथनांचा फोटो आहे. ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम रंगनाथनांनी १९३१ मध्ये मांडले, त्यांतला चौथा वाचकाचा वेळ वाचवावा असं सांगतो. नाना तो फार मानतात, आणि तुमचा वेळ कसा वाचला हे दीड तास समजावून सांगतात. पण एक कबूल करायला हवं. पुस्तकाचं नाव पक्कं ठाऊक असेल, तर नाना ते चहा निवायच्या आत काढून देतात. आमच्या भागातल्या कुठल्याही वाचनालयात हे होत नाही.

तेव्हा तुमच्या ओळखीत असे नाना असतील तर जरूर जा. नाव घेऊन जा, लेखक सांगा, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळा. फक्त "एखादं चांगलं पुस्तक द्या" असं म्हणू नका. 'चांगलं' हे लेबल त्यांच्याकडे नाही.