टांकसाळीवर आळ कसा घ्यावा

सदोष नाणे, म्हणजे संग्राहकांच्या बोलीतला 'एरर', ओळखण्याची लोकप्रिय रीत सोपी आहे. नाणे जरा वेगळे दिसले की त्याची किंमत मनाशी ठरवावी, ती नातेवाइकांना कळवावी आणि मग भिंग आणायला बाहेर पडावे. या रीतीत एकच उणीव राहते. आळ टांकसाळीवर घ्यायचा असतो, तेव्हा गुन्हा घडला कसा हेही सांगावे लागते. धातूची चकती, तिला दोन्हीकडून छापणारे ठसे आणि दाब देणारे यंत्र, एवढ्यातून नाणे घडते. दिसणारा दोष या तिघांपैकी एकाच्याही माथी मारता येत नसेल तर टांकसाळ निर्दोष समजावी आणि संशय रेल्वेच्या रुळाकडे, नाहीतर एखाद्या उद्योगी माणसाकडे वळवावा.

पुरावा कसा दिसतो ते पाहा. कड कोरीसारखी तुटलेली असेल तर प्रथम समोरची कड तपासावी. चकत्या पत्र्यातून कापताना पत्रा पुरेसा पुढे सरकला नाही, तर नवी चकती आधीच्या भोकावर येते आणि तिचा लचका जातो. पुढे कड उचलण्यासाठी चकती दाबून फिरवतात, तेव्हा लचक्याच्या जागी आधाराला धातूच नसल्याने नेमकी समोरची कड दुबळी राहते. याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. कानस चालवणाऱ्यांना तो सहसा ठाऊक नसतो, हे आपले भाग्य. (खऱ्या नाण्यातही तो क्वचित दिसत नाही; तेव्हा नाणे फेकू नये, पण भावही सांगू नये.) 'लखी' नावाच्या दोषाचेही तसेच. छापलेले नाणे ठशाला चिकटून राहिले की पुढच्या चकतीवर त्याचीच छाप खोलगट आणि आरशातल्यासारखी उलटी उमटते. दोन नाणी शिकंज्यात आवळूनही उलटी अक्षरे मिळतात, मात्र त्याच बाजूची मूळ छाप चेपलेल्या अवस्थेत खाली साक्षीला उरते. दहा रुपयांच्या नाण्याचा मधला भाग हातोडीने पाडून 'दुर्मिळ कडे' तयार करणाऱ्यांनी 2011 चा नाणे कायदा जरूर वाचावा; नाणे नष्ट करणे हा त्यात गुन्हा आहे.

यावर आक्षेप येतो, 'पण आमच्या नाण्यावर टांकसाळीची खूणच नाही!' अभिनंदन, आपले नाणे कोलकात्याचे आहे. सालाखाली मुंबईची खूण चौकट, हैदराबादची तारा, नोएडाची ठिपका. कोलकाता खूणच करत नाही. 1985 च्या रुपयावर 'एच' दिसला तर तोही कारागिराचा विसरभोळेपणा नसून बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीची सही आहे, कारण ती नाणी तिथूनच पाडून आणली होती. दुसरा आक्षेप, 'मागची बाजू उलटी आहे.' भारतीय नाणे पुस्तकाचे पान उलटावे तसे फिरवले की दोन्ही बाजू सरळ दिसतात. खालून वर उलटले तर देशातले प्रत्येक नाणे सदोष ठरेल. अमेरिकेची नाणी मात्र मुळातच त्या दुसऱ्या रीतीने छापतात, म्हणून तिकडच्या भाचीने आणलेला डॉलर पाहून आनंदाने ओरडू नये.

उरला सर्वांत भारदस्त युक्तिवाद: चूक दुर्मिळ असते, म्हणून ती मौल्यवान असते. अर्धाच खरा आहे. ठशाला भेग पडली तर तो बदलेपर्यंत पडणारे प्रत्येक नाणे तीच रेघ घेऊन येते. आणि दोष खरोखर एकमेव असला तरी त्याची किंमत दुसरा संग्राहक ठरवतो, व्हिडिओतला आवाज ठरवत नाही. तो आवाज लाखांचा भाव सांगून आधी 'नोंदणी शुल्क' मागू लागला की भिंग बाजूला ठेवावे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये स्पष्ट सांगितले आहे की जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारासाठी ती शुल्क किंवा कमिशन घेत नाही आणि तसा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही.