थोडक्यात हुकलं

सात गडी राखून झालेल्या पराभवाला ‘थोडक्यात हुकलं’ म्हणायला काळीज लागतं. ते नांदेडात मुबलक आहे. २ फेब्रुवारी २०१४ रोजी हैदराबादेत, उप्पलच्या राजीव गांधी स्टेडियमवर, कर्नाटकानं महाराष्ट्राला हरवून रणजी करंडक नेला. जिंकायला १५७ धावा हव्या होत्या, त्या तीन गड्यांच्या मोबदल्यात झाल्या. यात थोडक्यात काय हुकलं, असं बाहेरचा माणूस विचारील. वजिराबादेतल्या आमच्या टपरीवर हा प्रश्न कुणी विचारत नाही. तिथं दरवर्षी जानेवारीत हा सामना नव्यानं खेळला जातो आणि दरवर्षी महाराष्ट्र आधीपेक्षा जरा कमी हरतो.

कोल्हापूरकराला असलं काही आठवायचं झालं तर त्याच्याकडं फुटबॉल आहे. तालमी आहेत, पेठा आहेत, शाहू स्टेडियम आहे आणि कुठल्या साली कुणाची पेनल्टी बारवर आपटली हे सांगणारी माणसं आहेत. आमच्याकडं फुटबॉल म्हणजे शाळेच्या मैदानावर चिखल असेपर्यंत. तरी जुन्या हिशेबानं पाहिलं तर फुटबॉलमधली एक थोर हुकलेली गोष्ट आमच्याही खात्यावर लावता येते. १९५६ साली मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारत चौथा आला. उपांत्य सामन्यात मुंबईच्या नेव्हिल डिसूझानं गोल करून युगोस्लाव्हियावर आघाडीसुद्धा मिळवून दिली होती. मग युगोस्लाव्हियानं चार मारले. त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचे आणि नांदेड त्या वर्षी १ नोव्हेंबरपर्यंत हैदराबाद राज्यातच होतं. राज्य मोडलं नोव्हेंबरात, ऑलिम्पिकचं पदक हुकलं डिसेंबरात. महिनाभर आधी सामना झाला असता तर ती हार अधिकृतपणे आमची झाली असती. तीही थोडक्यात हुकली.

म्हणजे संघ आपला कुठला, हा आमचा जुनाच घोळ. महाराष्ट्र राज्य एक असलं तरी रणजीत त्याचे संघ तीन : मुंबई, विदर्भ आणि उरलेला सगळा ‘महाराष्ट्र’. त्या उरलेल्यात आम्ही. पण हा महाराष्ट्र पुण्याच्या बोलीत बोलतो, पुण्याच्या मैदानांवर वाढतो. नांदेडहून पुणं लांब आणि हैदराबाद जवळ. आमच्याकडं डोळ्याचं ऑपरेशन हैदराबादला, लग्नाचा बस्ता हैदराबादला, मोती हैदराबादचे आणि संघ तेवढा पुण्याचा. आमच्या आधीच्या पिढीतल्या काहींनी तर १९८६-८७ मध्ये हैदराबादनं रणजी जिंकली तेव्हा गुपचूप पेढे खाल्ले होते, असं ऐकलं आहे. ऐकलेलंच, खाणारा कुणी कबूल होत नाही.

२०१३-१४च्या हंगामात हा घोळ पहिल्यांदा मिटल्यासारखा वाटला, कारण संघात आमची पोरं होती. पैठणचा अंकित बावणे आणि जालन्याचा विजय झोल. झोल म्हणजे तोच, ज्यानं एकोणीस वर्षांखालच्या कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ केल्या होत्या. जालना काय आणि पैठण काय, नांदेडहून काही हाकेच्या अंतरावर नाहीत. पण धावफलकावर मराठवाडा एकच जिल्हा असतो. झोलनं त्रिपुराविरुद्ध रणजीतल्या पदार्पणातच नाबाद दोनशे केल्या, तेव्हा आमच्या टपरीवर त्याच्या आजोळाचा शोध सुरू झाला. ते नांदेड जिल्ह्यात निघेल अशी आशा होती. निघालं नाही.

त्या वर्षी महाराष्ट्र खेळत होता ‘क’ गटात, म्हणजे तिसऱ्या रांगेत. तिथून बाद फेरीत आला आणि पहिलीच गाठ वानखेडेवर मुंबईशी. मुंबई आदल्याच वर्षी चाळिसाव्यांदा विजेती झालेली. त्यांनी ४०२ केल्या, आपण २८०. आमच्या अनुभवानुसार इथं सामना संपला होता. मग मुंबई दुसऱ्या डावात १२९मध्ये गुंडाळली गेली आणि जिंकायला २५२ उरल्या. केदार जाधव नाबाद १२०, विजय झोल नाबाद ९१, महाराष्ट्र आठ गड्यांनी विजयी. हा निकाल नांदेडात पोचला तेव्हा काही लोकांनी तो आधी खोटा ठरवला, मग दोन चॅनेलांवर तपासला आणि मग रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला सांगितला. मुंबईला हरवण्याचं मोल मराठवाड्यातच कळू जाणे. आमच्याकडून मुंबईला पाठवलेल्या अर्जांची उत्तरं कधी येत नाहीत. हे एक आलं.

पुढं इंदूरला उपांत्य सामना, बंगालशी. बंगाल ११४मध्ये बाद, आपण ४५५. त्यांनी दुसऱ्या डावात चिकाटीनं ३४८ केल्या, तरी आपल्याला जिंकायला हव्या होत्या फक्त आठ. आठ! इतक्या धावा आमच्या गल्लीत बायच्याच होतात. ह्या सामन्याबद्दल टपरीवर कुणी फार बोलत नाही. सरळ जिंकलेल्या सामन्यात बोलण्यासारखं असतं काय?

आणि मग अंतिम सामना हैदराबादला, कर्नाटकाविरुद्ध. १९५६ साली हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठी जिल्हे मुंबई राज्याकडं गेले, कानडी जिल्हे म्हैसूरकडं, तेलुगू मुलूख आंध्रकडं. अठ्ठावन्न वर्षांनी त्यातल्या दोन तुकड्यांचे नवे मालक तिसऱ्या तुकड्याच्या अंगणात खेळायला उतरले. स्वतः हैदराबादला मात्र ह्यात काडीचा रस नव्हता. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, ३० जानेवारीला, त्याच शहरात आंध्रची विधानसभा तेलंगणाचं विधेयक फेटाळत होती. ज्या शहराची स्वतःचीच वाटणी चालू आहे, ते पाहुण्यांच्या भांडणात कशाला लक्ष घालेल?

आमच्यातला एकजण मात्र उप्पलला प्रत्यक्ष होता. तो गेला होता आईच्या डोळ्याला. डॉक्टरांनी आईच्या डोळ्यात थेंब टाकून बाकावर बसवलं, सोबतीला मामी होती, आणि ह्यानं ‘जरा औषधं बघून येतो’ म्हणून उप्पलची सिटी बस धरली. त्यानं पाहिलं ते जेवणाच्या सुट्टीनंतरचं एक सत्र आणि चहापानानंतरचा थोडा भाग. सुरुवातीची काही वर्षं तो तेवढंच सांगायचा. पुढं त्यानं पूर्ण दिवस पाहिला. अलीकडं तो पाचही दिवस तिथं होता आणि बावणेचा झेल ज्या कोपऱ्यात गेला त्याच कोपऱ्यात बसला होता. आई आता दोन्ही डोळ्यांनी उत्तम पाहते आणि हे ऐकताना त्याच्याकडंच पाहते.

सामन्याची हकीकत थोडक्यात सांगण्याजोगीच आहे. महाराष्ट्र ३०५, त्यात बावणेच्या ८९, चिराग खुराणाच्या ६४. कर्नाटक ५१५, लोकेश राहुल आणि गणेश सतीश यांची शतकं. दोनशे दहाची पिछाडी घेऊन आपण पुन्हा उतरलो आणि ३६६पर्यंत गेलो. केदार जाधवनं ११२ केल्या. त्या हंगामात त्याच्या बाराशे तेवीस धावा झाल्या, सहा शतकं. एवढं करून हाती उपविजेतेपद. बाराशे तेवीस हा आकडा टपरीवर मोबाइल नंबरासारखा पाठ आहे. बहुतेकांना बायकोचा नंबर इतका पाठ नाही.

माझे दाजी भालकीचे. भालकी बिदर जिल्ह्यात, म्हणजे कर्नाटकात. घरात मराठी, रेशनकार्ड कानडीत. बाकी बाबतीत दाजी आमचेच. आषाढीला पंढरपूर, हुरड्याला आमचं शेत, दवाखान्याला नांदेड. पण त्या पाच दिवसांत ते अचानक कट्टर कन्नडिग झाले. शेवटच्या दिवशी रविवार होता. दाजी सकाळीच फोन करून म्हणाले, “काय करायलाव? टीव्ही लावलाव की नाही?” मी म्हटलं, “दाजी, लाइट गेली.” गेली नव्हती. त्यांना ते कळलं असावं, कारण त्यांनी तासाभरानं पुन्हा फोन करून “आली का?” विचारलं. त्यानंतर सामना संपेपर्यंत माझ्याकडं लाइट येऊन-जाऊन होती.

दाजींचा कर्णधार विनयकुमार तेव्हा फार भारी होता हे मान्य करायला हवं. कर्नाटकानं त्याच मोसमात इराणी आणि विजय हजारे करंडकही जिंकला आणि पुढच्या वर्षी पुन्हा हे सगळं केलं. अशा संघाकडून हरण्यात कमीपणा नाही, असं मी म्हटलं की दाजी खूश होतात आणि टपरी नाराज होते. टपरीला समोरचा संघ मोठा होता हे सांत्वन नको असतं. तिला कारण हवं असतं. नाणेफेक, खेळपट्टी, एखादा पायचीत, कुणाची तरी कंबर. मुंबईविरुद्ध जिंकलो तेव्हा मात्र अशी कारणं कुणी शोधली नव्हती.

लातूरचा मात्र ह्या बाबतीत कारभार वेगळा. माझा भाचा तिथं ट्युशनला होता. लातुरात ‘थोडक्यात हुकलं’ हे अर्ध्या मार्काच्या हिशेबानं बोलतात. गंजगोलाईत पेंडीच्या दुकानावर बसलेला माणूससुद्धा शेजाऱ्याच्या मुलाचं एमबीबीएस किती मार्कांनी गेलं ते दशांश चिन्हासह सांगतो. अशा गावात सात गडी राखून झालेला पराभव ‘थोडक्यात’ म्हणून खपत नाही. मी एकदा तिथं हा विषय काढला, तर भाच्याच्या रूममधला एक मुलगा पुस्तकातून मान वर करून म्हणाला, “मामा, हे वेटिंग लिस्टमध्ये पण नाही बसत.” पोरगं पुढं डॉक्टर झालं. निदान अचूक असणार.

नांदेडनं हे म्हणणं फेटाळलं. तिथला युक्तिवाद असा की हुकणं फायनलमध्ये मोजायचंच नाही, हंगामात मोजायचं. तिसऱ्या गटातून निघालेला, मुंबईला घरी जाऊन हरवणारा संघ शेवटच्या पाच दिवसांपर्यंत पोचतो, तेव्हा त्याच्यात आणि करंडकात अंतर एका सामन्याचं. एका सामन्याचं अंतर म्हणजे थोडकंच. ह्यात तर्कदोष आहे हे मला दिसतं, पण चहा तिथं उधार मिळतो, म्हणून मी बोलत नाही.

शिवाय महाराष्ट्र संघाला ही सवय घराण्याची आहे. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० आणि १९४०-४१ असे दोनदा लागोपाठ करंडक आणले, त्यानंतर सगळं काठापर्यंत. १९७०-७१च्या फायनलला मुंबईचे बडे खेळाडू वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर. तरी मुंबईनं अठ्ठेचाळीस धावांनी हरवलं. १९९२-९३ला पंजाबनं लुधियानात. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट १९४८ची : पुण्यात काठियावाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३वर होते. ब्रॅडमनचा विक्रम ४५२चा, म्हणजे फक्त नऊ कमी. समोरचा संघ सामना सोडून घरी निघून गेला. निंबाळकर आउट झाले नाहीत, थकले नाहीत, धावा संपल्या नाहीत. समोर खेळायला माणसंच उरली नाहीत. हुकणं असावं तर असं. ही गोष्ट सांगितली की दाजीसुद्धा हळहळतात. कर्नाटक त्यात नाही, म्हणून असेल.

तर फेब्रुवारी २०१४. हार ताजी होती तोवर वाद झाले, पण ते फार टिकले नाहीत. महिनाही झाला नाही आणि गारपीट सुरू झाली. लातूर, नांदेडपासून सोलापूरपर्यंत उभी रब्बी आडवी झाली, द्राक्षबागा गेल्या, टपरीवर ज्वारीशिवाय विषय राहिला नाही. जूनमध्ये तेलंगण वेगळं झालं आणि उप्पल आणखी एका नव्या राज्यात गेलं. उप्पलचा विषय टपरीवर परत आला तो पुढच्या थंडीत, आणि तेव्हा त्या पराभवातला एक गडी कमी झाला होता. कुणीतरी ‘सहा गडी राखून’ म्हणालं आणि कुणी दुरुस्त केलं नाही.

आता तरुण पोरांचं वेगळं चालतं. त्यांची हुकलेली गोष्ट २ डिसेंबर २०२२ची, अहमदाबादची. विजय हजारे करंडकात ऋतुराज गायकवाडनं उत्तर प्रदेशाविरुद्ध एका षटकात सात षटकार मारले, नाबाद २२०. उपांत्य सामन्यात १६८. अंतिम सामन्यात पुन्हा शतक, १०८. आणि करंडक नेला सौराष्ट्रानं, शेल्डन जॅक्सनच्या नाबाद १३३मुळं. त्या मोसमात आमच्या तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकरही होता, म्हणजे मराठवाड्याचा हक्क शाबूत. पोरं म्हणतात, खरं हुकलं ते हे. आम्ही म्हणतो, पन्नास षटकांचं काय घेऊन बसलात. उप्पलचा डोळ्याच्या दवाखान्यातून गेलेला साक्षीदार सांगू लागला आहे की तो अहमदाबादलाही होता.

परवा दाजी आले होते, टपरीवर बसले. नेहमीप्रमाणे एकानं सुरू केलं : दुसऱ्या डावात अजून शंभर धावा असत्या, तर कर्नाटकाला अडीचशे कुठल्या जमल्या असत्या? पाचव्या दिवसाची खेळपट्टी, उप्पलची उन्हं. दाजींनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि म्हणाले, “नसत्या जमल्या तर मॅच ड्रॉ झाली असती. ड्रॉ झाली की पहिल्या डावाची आघाडी मोजतात. आघाडी आमची. करंडक आमचाच.” थोडा वेळ सगळे गप्प. हा नियम इतकी वर्षं कुणाच्या लक्षात नव्हता असं नाही. काढायचा नाही असं ठरलेलं होतं.

“मग शंभर पहिल्या डावात,” एकजण म्हणाला.

“चारशे पाच होतात,” दाजी म्हणाले. “आमच्या पाचशे पंधरा.”

“मग दोनशे अकरा,” डोळ्यावाला म्हणाला. “पहिल्या डावात फक्त दोनशे अकरा कमी पडल्या बघा.”

आणि दाजींसकट सगळ्यांसाठी आणखी एक कटिंग सांगितला.