पावतीकाका

वर्धापनदिनाची बैठक आणि पावतीकाका यांची गाठ पडू देऊ नये. आम्ही पडू दिली. आमचं मंडळ म्हणजे महिन्याच्या पहिल्या रविवारी माहीमला कुणाच्या तरी घरी जमून जॅझ ऐकणारी अकरा माणसं, आणि चहा करणारी बारावी. पंचवीस वर्षं झाली, जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवू, असं कुणीतरी म्हणालं मात्र, काकांनी पिशवीतून पावतीपुस्तक काढलं. (पंचवीस की सत्तावीस यावर दोन बैठका गेल्या. स्थापनेची तारीख कुणी लिहून ठेवली नव्हती. काका तेव्हा मंडळात नव्हते. एरवी पावती असती.)

पुस्तक त्यांच्या सोसायटीच्या गणेशोत्सवातून उरलेलं. वर गणपती, खाली ‘यांजकडून वर्गणी रुपये’ आणि ‘साभार पोचली’. रुपये खोडून काका वस्तूचं नाव लिहीत. रोख की चेक, या रकान्यात मात्र खूण कायम ‘रोख’वर. वस्तू हातोहात मिळाली ना, मग रोखच.

एकांनी लाखेची जुनी तबकडी दिली, मधोमध दुभंगलेली. पावती : ‘तबकडी, २ नग.’ दादरला गाडीतून उतरताना तिचा तिसरा तुकडा पडला. काका उलट्या पावली गेले आणि पुरवणी पावती देऊन आले.

दुसऱ्या एका घरातून मोरी तुंबली की वापरतात ते रबर आलं, लाकडी दांडा नसलेलं. आम्ही हसलो. पण ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदातले ट्रम्पेटवाले असलंच रबर भोंग्यापुढे धरून सुराला रडवत, बोलवत, हे खरं आहे. तेव्हा ते वाद्याचं की मोरीचं, हे ठरेना. काकांनी ठरवायचा प्रयत्नही केला नाही. ‘रबरी भांडे, १ नग.’ रोख.

तिसरे गृहस्थ १९७८ च्या जॅझ यात्रेला रंगभवनात होते. सॉनी रोलिन्स प्रत्यक्ष ऐकलेला. अर्धा तास हातवारे करून सांगत होते. काकांनी शांतपणे विचारलं, “वस्तू?”

“वस्तू कसली? आठवण आहे.”

काका पेन धरून बराच वेळ बसले. मग लिहिलं : ‘आठवण, १ नग.’ आणि आयुष्यात पहिल्यांदा रोख-चेकचा रकाना कोरा सोडला.

मला हा माणूस आवडत नव्हता, हे आधीच सांगतो. ‘संगीत ऐकायचं असतं, मोजायचं नसतं’ वगैरे मी त्यांना सुनावलंही होतं. (“बरोबर आहे,” असं म्हणून त्यांनी माझ्या कपाटातल्या तबकड्या मोजल्या होत्या.) पण धोबीतलावच्या मागच्या गल्लीतल्या त्या घरी मी त्यांच्यासोबत गेलो, तिथे माझी पंचाईत झाली.

आंटींचे यजमान गोव्याचे. रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा सिनेमाच्या ध्वनिमुद्रणात ट्रम्पेट, अशी त्या पिढीतल्या अनेक गोवेकरांची दुहेरी पाळी. हळदोण्याचा चिक चॉकलेट सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त, १९५१ साली, पडद्यावर तरी दिसला. मागच्या रांगेतल्यांची नावं श्रेयनामावलीतही येत नसत. संगीतकाराचं नाव आलं की पाटी संपली. आंटींकडे ट्रम्पेटचं तोंड तेवढं उरलं होतं. ते त्यांनी रुमालात गुंडाळून दिलं.

काकांनी नाव विचारलं. आंटींनी स्वतःचं सांगितलं. “नाही, वाजवणाऱ्यांचं,” काका म्हणाले, आणि गणपतीखाली सुवाच्य अक्षरात पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट. पुढे ‘ट्रम्पेटवादक’. आंटींनी ती पावती दोनदा वाचली. चाळीस वर्षांत त्यांच्या नवऱ्याचं नाव आणि त्याचं वाद्य एका कागदावर आलेलं त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

पुढच्या खेपेला गेलो तर पावती चौकटीत, येशूच्या तसबिरीशेजारी. वर आमचा गणपती. काकांनी ती प्रदर्शनासाठी मागितली. आंटींनी साफ नाही म्हटलं.

प्रदर्शनाला एकोणीस माणसं आली. त्यानिमित्त काकांनी माझी ‘टाइम आउट’ची तबकडीही नेली होती, ती अजून परत आलेली नाही. पावती आहे.